आवाज कुणाचा?

जबलपूरला कमानिया गेटपाशी १९९० च्या आसपास कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. दुकान कसलं, एका कापडवाल्याच्या पायरीला चिकटून काढलेली चार फुटांची फट. तुम्ही गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली घेऊन जायची. माझ्या आतेभावानं तिथून एक 'इंग्लिश' कॅसेट भरून आणली. आतल्या कागदावर दुकानदारानं निळ्या शाईनं, देवनागरीत, नावं लिहिली होती आणि तिसऱ्या ओळीत होतं 'मिली बनीली'. मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन. मिली ही बाई आणि बनीली हा पुरुष, अशी माझी पक्की समजूत होती. गाणं सुरू झालं की पाय थांबत नसत, एवढं मात्र खरं.

वर्षभरात भाऊ कुठूनसं वाचून आला की हे दोघंही पुरुष आहेत, नाचतात, आणि मुख्य म्हणजे गातच नाहीत. गाणारे वेगळेच आहेत, आणि आता त्यांचं बक्षीसही काढून घेतलंय. तो फार दुखावला होता. आत्या खव्याच्या जिलबीचा पुडा सोडत होती. (कमानिया गेटला गेलेला माणूस जिलबीशिवाय परत आला तर आमच्या घरी त्याची उलटतपासणी होई.) तिनं मान वर न करताच विचारलं, "अरे, मग त्यात काय झालं? मधुबाला कुठे गात होती?"

भावाला उत्तर आलं नाही. मलाही बरीच वर्षं आलं नाही. आत्याचा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याच्या आत बरंच काही दडलेलं आहे, आणि ते काढायचं तर आधी त्या जोडीची छोटीशी कारकीर्द नीट पाहायला हवी.

रॉब पिलाटस हा अमेरिकन सैनिक बाप आणि जर्मन आई यांचा मुलगा, म्युनिकमध्ये दत्तक घरात वाढलेला. फॅब मॉर्व्हन पॅरिसचा, त्याचं कुटुंब मूळ कॅरिबियनमधल्या ग्वादलुप बेटाचं. दोघं म्युनिकच्या क्लबांत नाचायचे. १९८८ च्या सुरुवातीला निर्माता फ्रँक फारियान यानं त्यांच्याशी करार केला. दोघांचं म्हणणं असं की आगाऊ रक्कम हातात आली, खर्चूनही झाली, आणि मग कळलं की ध्वनिमुद्रण दुसऱ्यांच्या आवाजात झालेलं आहे, आपल्याला फक्त ओठ हलवायचे आहेत. रक्कम परत करायची ऐपत नव्हती. 'गर्ल यू नो इट्स ट्रू' १९८८ मध्ये युरोपात गाजलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत. अमेरिकेत अल्बमच्या साठ लाख प्रती गेल्या. त्यातली तीन गाणी तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली.

२१ जुलै १९८९ रोजी कनेटिकट राज्यातल्या ब्रिस्टल गावी, एमटीव्हीच्या कार्यक्रमात, मागे वाजणारं ध्वनिमुद्रण अडकलं. तीच अर्धी ओळ पुन्हा पुन्हा वाजू लागली. रॉब काही क्षण तिच्याबरोबर ओढला गेला आणि मग मंचावरून पळाला. समोरच्या लोकांना फारसं काही वाटलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, मूळ ध्वनिमुद्रणात रॅप करणाऱ्या चार्ल्स शॉनं एका पत्रकाराला खरं काय ते सांगितलं आणि नंतर शब्द मागे घेतले. त्यासाठी फारियाननं त्याला दीड लाख डॉलर दिले असं पुढे छापून आलं. २१ फेब्रुवारी १९९० ला जोडीला ग्रॅमी मिळालं, सर्वोत्कृष्ट नवा कलाकार म्हणून. दोघांनी आता हट्ट धरला की पुढच्या अल्बममध्ये आम्ही स्वतः गाणार. तेव्हा नोव्हेंबरमध्ये फारियाननं पत्रकारांना आपण होऊन सांगून टाकलं की ही पोरं कधी गायलेलीच नाहीत. आठवड्याच्या आत ग्रॅमी परत घेतलं गेलं. ते दुसऱ्या कुणाला दिलं नाही, त्या वर्षाची ती जागा अजून रिकामी आहे. अमेरिकेत गिऱ्हाइकांनी खटले भरले, न्यायालयानं पैसे परत द्यायला लावले.

मग लॉस एंजेलिसची पत्रकार परिषद. तिचं चित्रीकरण मी अनेकदा पाहिलं आहे. कॅमेऱ्यांची दाटी, पत्रकार एकमेकांच्या वरताण ओरडताहेत, आणि हे दोघं त्यांना गाऊन दाखवताहेत. बरं गातात. पण त्या खोलीत गाणं ऐकायला कुणी आलेलं नव्हतं. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात पोरं 'अरे, आवाज कुणाचा' अशी आरोळी ठोकतात, तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं असतं. इथे तीच आरोळी प्रश्न होऊन दोन पोरांच्या अंगावर आली.

फसवणुकीबद्दल तेव्हापासून रकाने भरले गेले, गाण्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं. मला ते गाणं आजही चांगलं वाटतं, आणि त्यात दुसऱ्याचा आवाज किती थरांवर आहे हे कळल्यापासून जास्तच. 'गर्ल यू नो इट्स ट्रू' मुळात बाल्टिमोरच्या नूमार्क्स नावाच्या गटाचं, १९८७ चं. त्याच्या तळाशी जो ढोलाचा तुकडा घोटून घोटून वाजतो तो 'अ‍ॅशलीज रोचक्लिप'मधला, वॉशिंग्टनच्या सोल सर्चर्स या गटानं १९७४ मध्ये वाजवलेला. त्यावर फारियाननं चढवले जाड साय धरल्यासारखे सिंथेसायझरचे सूर आणि एकावर एक रचलेल्या गळ्यांचं ध्रुवपद. गळे चार्ल्स शॉ, जॉन डेव्हिस, ब्रॅड हॉवेल यांचे, आणि मागे जोडी आणि लिंडा रोको या बहिणींचे. जॉन डेव्हिस हा अमेरिकन लष्करातून येऊन जर्मनीत राहिलेला गायक. आपण कशासाठी गातोय हे त्याला ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी टीव्हीवर 'गर्ल आय'म गॉना मिस यू' लागलं आणि फॅबच्या ओठांवर आपला आवाज पाहून त्याला ते कळलं, असं त्यानं पुढे सांगितलं आहे. 'आवाज पाहून' हे मी चुकून लिहिलेलं नाही.

या आवाजांत जे आहे ते देखण्या पोरांच्या आवाजात बहुधा आलं नसतं. थोडा थकवा, थोडी सबुरी, प्रेमाची कबुली देताना घाई नाही. विशीतल्या नाचऱ्या पोरांच्या तोंडी हा पोक्त गळा बसवला आणि त्यातून एक तिसरंच माणूस तयार झालं, जे कुठेच अस्तित्वात नव्हतं. लोकांनी प्रेम केलं ते त्या तिसऱ्यावर. फारियानची करामत ही, आणि ती करामत होती हे मान्य करायला माझी हरकत नाही.

कट्टर मंडळी मिली व्हॅनिलीला युरोडान्स म्हणायला कचरतील. त्यांच्या हिशेबानं युरोडान्स म्हणजे नव्वदीतला माल: पुरुषाचा रॅप, बाईच्या आवाजातलं ध्रुवपद, खाली न थांबणारा ठोका, आणि हे सगळं जर्मनी, इटली किंवा बेल्जियममधल्या एखाद्या स्टुडिओत तयार झालेलं. पण चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा, निर्माता पडद्याआड, ही रीत त्या प्रकारानं फारियानच्याच घरातून उचलली. ब्लॅक बॉक्सच्या 'राइड ऑन टाइम'मध्ये (१९८९) आवाज लोलिएटा हॉलोवेच्या जुन्या तबकडीतला, ओठ कात्रीन किनोल या मॉडेलचे. टेक्नोट्रॉनिकच्या 'पंप अप द जॅम'वर झळकली फेली, गायली या किड के. कोरोनाच्या 'द रिदम ऑफ द नाइट'मध्ये दिसते ओल्गा सूझा, ऐकू येते जेनी बी. आणि मार्था वॉश, जिच्या आवाजावर सी अँड सी म्युझिक फॅक्टरीचं सगळ्यात गाजलेलं गाणं उभं आहे, तिच्या जागी चित्रफितीत सडपातळ झेल्मा डेव्हिस उभी केली होती. मार्था वॉश दरबारात रडत बसली नाही, न्यायालयात गेली. तेव्हापासून रेकॉर्ड कंपन्या गाणाऱ्याचं नाव छापताना जरा जपून वागू लागल्या.

फारियान स्वतः कोण होता हेही पाहण्यासारखं आहे. बोनी एमचा तो घोगरा पुरुषी आवाज, ज्याच्यावर बॉबी फॅरेल मंचावर अंग घुसळायचा, तो फारियानचाच. म्हणजे हा माणूसही आयुष्याच्या एका टप्प्यावर चेहरा नसलेला गळा होता. तोच पुढे दुसऱ्यांच्या गळ्यांचा आणि चेहऱ्यांचा मालक झाला. आणि तो आपल्याला वाटतो तितका परका नाही. १९८० च्या 'प्यारा दुश्मन'मधलं उषा उथुप यांनी गायलेलं, बप्पी लाहिरींचं 'हरी ओम हरी' आठवा. त्याची चाल इरप्शन या गटाच्या 'वन वे तिकीट'वरून उचललेली, आणि इरप्शनचा निर्माता फारियान. ते गाणं तरी त्याचं कुठे होतं, ते १९५९ मध्ये नील सेडाकानं गायलेलं. तेव्हा कमानिया गेटच्या कर्ण्यांवर फारियान 'मिली बनीली'च्या दहा वर्षं आधीच येऊन गेला होता, नाव न सांगता.

आता आत्याचा प्रश्न.

मधुबाला गात नव्हती, बरोबर. हिंदी चित्रपटात पार्श्वगायन १९३५ च्या 'धूपछाँव'पासून आलं आणि चौदा वर्षांनी 'महल' आला तोवर ते रुळलंही होतं. पण 'महल'च्या त्या प्रसिद्ध गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. कामिनी हे मधुबालाच्या पात्राचं नाव. लोक रेडिओला पत्रं लिहून विचारू लागले की ही गाते कोण, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. पुढे फिल्मफेअरनं संगीतकाराला बक्षीस दिलं आणि गाणारीला काही नाही, तेव्हा लताबाईंनी त्या समारंभात गायला नकार दिला. पार्श्वगायनाचं बक्षीस सुरू झालं ते १९५९ मध्ये, आणि पहिलं त्यांनाच, 'मधुमती'साठी. आत्या ज्याला आपली जुनी रीत समजत होती ती आपल्याला वारशानं मिळालेली नव्हती. एका मराठी बाईनं ती भांडून मिळवलेली होती. त्या भांडणाआधीचे आपण आणि १९८९ ची एमटीव्ही यांत फार फरक नाही. 'कामिनी' आणि 'मिली व्हॅनिली' ही एकाच जातीची नावं आहेत.

तरीही आत्या पूर्ण चुकली होती असं मला वाटत नाही. पुण्यात पेशवाईच्या उत्तरकाळात एक जोडी होती, तिचं नाव आपण अजून एका दमात घेतो: होनाजी बाळा. कवनं रचणारा होनाजी शिलारखाने, गाणारा बाळा करंजकर. एकाचे शब्द, दुसऱ्याचा गळा. पण लावणीच्या शेवटी जी नाममुद्रा येते तिच्यात दोघंही आहेत. बाळाचा आवाज आज कुणीही ऐकलेला नाही, तो कसा होता याची कल्पनासुद्धा करता येत नाही, आणि तरी गेली दोनशे वर्षं त्याचं नाव लिहिणाऱ्याच्या नावाला चिकटून चाललं आहे. आपल्या जुन्या कवितेनं श्रेयाचा प्रश्न फार व्यवहारी डोक्यानं सोडवला होता. नाव वेष्टनावर छापलं तर वेष्टन फाटतं, म्हणून ते शेवटच्या कडव्यात, वृत्तातच बसवून टाकायचं. कीर्तनकार कितीही मोठा असो, तुकोबांचा अभंग गाताना 'तुका म्हणे' त्याला गिळता येत नाही. तमाशात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात, उंच सूर तेच धरतात, आणि ते दिसतात. जर्मनीच्या मॉडर्न टॉकिंग या जोडीचेही असे झीलकरी होते. त्या प्रसिद्ध उंच ध्रुवपदात गळे स्टुडिओतल्या भाडोत्री गायकांचे, आणि मंचावर दीटर बोलेन गिटार घेऊन तोंड उघडायचा. झीलकरी तेच, फक्त कनातीमागे.

(१९५१ मध्ये शांतारामबापूंनी होनाजीवर 'अमर भूपाळी' काढला. त्यात नाचते संध्या, गातात लताबाई. होनाजी बाळाला हे पटलं असतं असं मला वाटतं.)

दुसऱ्याच्या तोंडून बोलणं ही फसवणूक केव्हा होते, याचं जबलपूरला एक उदाहरण डोळ्यांसमोरच आहे, फक्त त्याच्याकडे कुणी तसं पाहत नाही. कमानिया गेट ही १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण. 'कमानिया' आणि वर पुन्हा 'गेट': मराठी कानाला हे 'गोमूत्र गाईचं' म्हटल्यासारखं लागतं. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापानं फणफणलेले होते. मिरवणुकीत ते नव्हतेच. बावन्न हत्ती जुंपलेल्या रथातून त्यांची तसबीर नेली. अध्यक्षीय भाषण त्यांचे थोरले भाऊ शरदबाबू यांनी वाचलं. तसबिरीचा चेहरा, भावाचा आवाज, आणि बोलणारा तिसरीकडे आजारी. कुणाला आपण फसलो असं वाटलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. माणसाच्या ऐवजी तसबीर नेणं ही जर लबाडी असेल तर आपली निम्मी लोकपरंपरा लबाड ठरेल. लबाडी होते ती तसबिरीलाच माणूस म्हणून खपवलं की.

इथवर सगळं सुबक आहे: नाव द्या, मग गळा कुणाचा आणि ओठ कुणाचे याची चिंता नको. मीही बरीच वर्षं असंच म्हणत होते, कारण माझा धंदा अनुवादाचा आणि अनुवादकाला हे म्हणणं सोयीचं. आम्ही आयुष्यभर गळाच असतो. पण एका प्रसंगानंतर मला हे अपुरं वाटू लागलं.

विशीत, पैशांची फार गरज असताना, मी एका हिंदी कादंबरीचा मराठी अनुवाद केला. पुस्तक निघालं ते एका नामवंत गृहस्थांच्या नावावर. माझं नाव ऋणनिर्देशात होतं, 'मजकूर नजरेखालून घातल्याबद्दल'. ठरलं तसंच झालं होतं, फसवणूक माझी झाली नव्हती, वाचकाची झाली होती, आणि तिच्यात मी सामील होते. धनादेश वटवला. प्रकाशनाच्या कार्यक्रमाला मागच्या रांगेत जाऊन बसले. भाषणं झाली, अनुवादाच्या ओघवत्या भाषेचं कौतुक झालं. मग श्रोत्यांतून एका वयस्कर बाईंनी विचारलं की मूळात बुंदेली 'भुनसारे' आहे, तिथे तुम्ही 'पहाट' न म्हणता 'झुंजुमुंजु' घातलंत, ते कसं सुचलं? अतिशय चांगला प्रश्न. मी त्या शब्दापाशी दोन दिवस अडले होते. आमची आजी 'झुंजुमुंजु' म्हणायची आणि अंगणापलीकडची बुंदेली दूधवाली 'भुनसारे', आणि दोघींचा अर्थ एकच आहे हे मला मराठी-हिंदी असे दोन वेगळे शब्द आहेत हे कळण्याच्या आधीपासून ठाऊक होतं.

व्यासपीठावरचे गृहस्थ हसले. म्हणाले, "सुचलं." बाईंचं समाधान झालं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले, "सुचलं, बस." आणि मग त्यांची नजर सभागृहात मला शोधू लागली. तो चेहरा मी विसरलेले नाही. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. पुढे केव्हातरी ब्रिस्टलच्या कार्यक्रमाची ती चित्रफीत पाहिली आणि रॉब पिलाटसच्या चेहऱ्यावर मला ते गृहस्थ दिसले. प्रकाशक दोन्ही वेळेला शांत होते. माझे तर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

मिली व्हॅनिलीच्या कथेत हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं हेच कमी बोललं जातं. गळ्यांना आपण सहज न्याय देतो, त्यांच्यावर अन्याय झाला हे दिसतंच. पण सगळी शिक्षा झाली ती ओठांना. फारियाननं स्वतः कबुली दिली, तरी त्याचं काम थांबलं नाही. चारच वर्षांनी त्यानं ला बूश ही खरीखुरी युरोडान्स जोडी काढली. यात मेलनी थॉर्न्टन स्वतःच्या गळ्यानं गायची, आणि काय गायची! 'बी माय लव्हर' ऐकताना आजही अंगावर काटा येतो. २००१ मध्ये झुरिकजवळ विमान कोसळून ती गेली. फ्रेंचमध्ये 'ला बूश' म्हणजे तोंड. ओठ हलवण्याच्या प्रकरणातून बाहेर पडलेला माणूस पुढच्या जोडीला 'तोंड' असं नाव देतो, याला निर्ढावलेपण म्हणायचं की विनोदबुद्धी, मला ठरवता आलेलं नाही.

रॉबचं काय झालं? १९९३ मध्ये दोघांनी स्वतःच्या आवाजात 'रॉब अँड फॅब' नावाचा अल्बम काढला, तो कुणी घेतला नाही. रॉब व्यसनांत बुडाला, तुरुंगात गेला. १९९८ च्या एप्रिलमध्ये फ्रँकफर्टजवळच्या एका हॉटेलात मरून पडलेला सापडला. फारियानबरोबरच नवा अल्बम तयार होता, त्यात तो स्वतः गायला होता.

या शिक्षेत उच्चाराचाही वाटा होता. रेकॉर्डवर अस्सल अमेरिकन इंग्लिश, आणि मुलाखतीत तोंड उघडलं की जर्मन-फ्रेंच हेल काढणारं, शब्द शोधणारं इंग्लिश. संशय पहिल्यांदा तिथून आला आणि टवाळीही पहिल्यांदा त्याचीच झाली. या दोघांच्या इंग्लिशला हसणारे लोक खरेपणाचा कैवार घेत होते की परक्या पोरांना त्यांची जागा दाखवत होते, हे वेगळं करता येत नाही. जबलपूरहून पुण्याला आलेल्या माझ्यासारखीला हे हसू ओळखीचं आहे. 'तुमचं मराठी जरा हिंदीसारखं येतं, नाही?' असं लोक प्रेमानंच म्हणत. मी सहा महिन्यांत हेल पुसून टाकला. अनुवादातही संपादक पहिल्यांदा तेच मागतात: हेल काढा, अनुवाद वाटता कामा नये. वाचकाला मूळ लेखक थेट मराठीत बोलतोय असं वाटलं की आमचं काम फत्ते. म्हणजे चांगला अनुवादक तो, ज्याच्यामुळे लेखकाचे ओठ आणि आपला आवाज यांत फट दिसत नाही. फारियानचं मापही नेमकं हेच होतं.

२०२३ मध्ये या जोडीवर दोन चित्रकृती आल्या. ल्यूक कोरेमचा माहितीपट बराच न्यायी आहे, फॅबला आणि गाणाऱ्यांना तो बोलू देतो, आणि कंपन्यांकडे बोट दाखवायला कचरत नाही. सिमोन फेरहोफेनचा जर्मन चित्रपट बघायला जास्त मजेचा आणि म्हणूनच फसवा. मथियास श्वाइगहोफर फारियानच्या भूमिकेत इतका रंगला आहे की प्रेक्षक त्याच्यावर रागावायचं विसरतो. प्रत्यक्षातही तसंच झालं असावं. जानेवारी २०२४ मध्ये फारियान ८२ व्या वर्षी मायामीत वारला.

चित्रपटात नसलेली एक गोष्ट सांगायची राहिली. प्रकरण निवल्यावर बऱ्याच वर्षांनी फॅब मॉर्व्हन आणि जॉन डेव्हिस एकत्र आले आणि एका मंचावर, दोघं आपापल्या आवाजात, गाऊ लागले. ज्याच्या ओठांवर आपला आवाज टीव्हीवर पाहिला होता, त्याच्याच शेजारी उभं राहून डेव्हिस गायचा. त्यांचे काही तुकडे पाहायला मिळतात. फॅबचा गळा हलका आहे, डेव्हिसचा भरदार. एकमेकांत मिसळत नाहीत आणि मिसळायचा प्रयत्नही करत नाहीत. मे २०२१ मध्ये डेव्हिस कोविडनं गेला.

फॅबनं त्यानंतर आत्मकथन लिहिलं आणि त्याचं श्राव्य पुस्तकही स्वतःच वाचलं. २०२६ च्या ग्रॅमीसाठी नामांकनं जाहीर झाली तेव्हा त्यात ते होतं, कथनाच्या विभागात. पस्तीस वर्षांपूर्वी आवाजावरून ज्याचं बक्षीस काढून घेतलं, त्याचं नाव या वेळी यादीत आलं ते आवाजासाठीच. मी ते ऐकत होते तेव्हा आतेभावाला फोन लावला, तो अजून जबलपूरलाच असतो, आणि फोन स्पीकरपाशी धरला. थोडा वेळ त्यानं ऐकलं. मग म्हणाला, "हा कोण? हा तर फ्रेंच वाटतो."